कॉफीत धुतलेला रोल फिकट का आला? : घरगुती डेव्हलपरचे प्रयोग

तलावपाळी (ठाणे), ११ एप्रिल

पाडव्याच्या स्वागतयात्रेत कौपिनेश्वर मंदिरापासून राम मारुती रस्त्यापर्यंत हिंडत मी ४०० आयएसओच्या कृष्णधवल फिल्मचा ३६ फोटोंचा अख्खा रोल संपवला. तो बाहेर कोठे धुवायला न देता घरीच इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व यांच्या मिश्रणात धुतला. ही कृती माझी नाही. अमेरिकेतील रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्कॉट विल्यम्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १९९५ साली कॉफी आणि सोडा यांत फिल्म डेव्हलप करून (म्हणजे तिच्यावरची अदृश्य प्रतिमा वर आणून) दाखवली, क जीवनसत्त्वाची जोड तिला नंतर मिळाली, आणि आता जगभरची हौशी मंडळी या मिश्रणाला ‘कॅफेनॉल’ म्हणतात.

मी घेतलेले प्रमाण एक लिटर पाण्याला ५४ ग्रॅम सोडा, १६ ग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४० ग्रॅम कॉफी असे होते. फिल्म धुण्याच्या माझ्या बंद टाकीला एका रोलसाठी ३०० मिली द्रावण पुरते, म्हणून दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या खिशातल्या काट्यावर सोडा १६.२, क जीवनसत्त्व ४.८ आणि कॉफी १२ ग्रॅम मोजून घेतली. पाणी बर्फाच्या घमेल्यात ठेवून २० अंशांवर आणले, १५ मिनिटे घड्याळ लावून धुतले, दर मिनिटाला टाकी तीनदा उलटी केली. सोडा जांभळी नाक्याच्या बाजारातून सुटा आणला होता, कॉफी घरातलीच होती आणि क जीवनसत्त्वासाठी औषधाच्या दुकानातील चघळायच्या गोळ्या खलबत्त्यात कुटल्या होत्या.

निगेटिव्ह आली, पण इतकी फिकट, की वर्तमानपत्रावर ठेवल्यावर तिच्या सर्वांत गडद भागातूनही खालचा मजकूर सहज वाचता येतो. लेझीम पथकाचे पांढरे सदरे, जे निगेटिव्हवर काळेकुट्ट यायला हवेत, ते पातळ चहाच्या रंगाचे आहेत. ती यात्रा आता वर्षभर परत येणार नाही. माझे नेमके कोठे चुकले असावे?

घोडबंदर, ११ एप्रिल

कॉफीचे पाकीट उलटे करून वाचा. आपल्याकडील बऱ्याच इन्स्टंट कॉफ्यांत चिकोरी मिसळलेली असते आणि तिचे प्रमाण पाकिटावर छापलेले असते. चिकोरी जितकी जास्त, तितका कॉफीचा वाटा कमी.

खाडीकाठ (नेरूळ), ११ एप्रिल

चिकोरीवर खापर फोडण्यापूर्वी एक गोष्ट पाहून सांगा : फिल्मच्या कडेला, दातेरी भोकांच्या पट्टीत छापलेले फ्रेमचे आकडे आणि कंपनीचे नाव कसे आले आहे? ती अक्षरे कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेली असतात, त्यांचा तुमच्या कॅमेऱ्याशी काही संबंध नसतो. अक्षरे ठसठशीत असून फोटोच फिकट असतील, तर कॅमेऱ्यात प्रकाश कमी पडला. अक्षरेही फिकट असतील, तर दोष धुण्यात आहे. रोलच्या सुरुवातीचा जिभेसारखा भाग, जो भरताना उजेडात राहतो, तो तर पूर्ण काळाच व्हायला हवा.

गोळ्यांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. चघळायच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचे वजन ५०० मिलिग्रॅमहून बरेच जास्त भरते, कारण तिच्यात साखर, रंग आणि संत्र्याचा स्वाद असतो. तुम्ही चूर्ण वजन करून ४.८ ग्रॅम घेतले असेल, तर खरे क जीवनसत्त्व त्याहून पुष्कळ कमी गेले. गोळ्या मोजून घ्याव्यात, नाहीतर शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्ल भुकटीच्या रूपात आणावे. मी मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणते आणि घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या कपाटात ठेवते.

तलावपाळी, १२ एप्रिल

ताई, कडेचे आकडेही फिकट आहेत आणि जिभेचा भाग काळा न होता तपकिरी-राखाडी आला आहे. म्हणजे कॅमेरा सुटला, मी अडकलो. कॉफीच्या पाकिटावर चिकोरी ३० टक्के लिहिली आहे. गोळ्यांचे चूर्ण मी वजनावरच घेतले होते, ती चूक कबूल.

लाल दिवा (नौपाडा), १२ एप्रिल

मी ठाण्यातल्या एका स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत सव्वीस वर्षे काढली. त्या खोलीत कॉफी फक्त प्यायला येत असे, त्यामुळे या प्रकाराबद्दल मला प्रेम नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही कामाची शिस्त दोन्हीकडे सारखीच असते.

आमच्याकडे डेव्हलपर खोलीतच बनत असे. डी-७६ हे सूत्र कोडॅकने १९२७ साली आणले आणि त्यात काही गुपित नाही : एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाईट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम. शेवटचे नाव वाचून कोणाला हसू आले असेल, पण बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखारच. मेटॉल संपले की काम थांबे, टाकणखार संपला की पोऱ्याला काष्ठौषधीच्या दुकानात पाठवत असू. त्या काळात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल सर्रास येत असे. मोठ्या कॅमेऱ्याचा १२० चा रोल आम्ही टाकीत घालतही नव्हतो, तर पूर्ण अंधारात त्याची दोन टोके दोन हातांत धरून थाळीतल्या द्रावणातून झोपाळ्यासारखा वरखाली फिरवत असू. जेमतेम ८० सेंटिमीटर लांबीचा असल्यामुळे ते जमते. ३५ मिलिमीटरचा ३६ फोटोंचा रोल दीड मीटरहून लांब असतो, त्याला ही कसरत करायला जाऊ नका.

आता मुद्द्याचे. कोणतेही नवे द्रावण, मग ते विकतचे असो की स्वयंपाकघरातले, आमचे उस्ताद आधी तुकड्यावर तपासत. भरताना कापून टाकलेल्या जिभेचे तुकडे आम्ही पानपरागच्या डबीत साठवलेले असत. उजेडातच एक तुकडा डेव्हलपरमध्ये टाकायचा आणि घड्याळ पाहायचे. तीन-चार मिनिटांत काळा झाला तर द्रावण जिवंत, दहा मिनिटांतही राखाडी राहिला तर ते मोरीत. दुसरा तुकडा हायपोत, म्हणजे उरलेले चांदीचे क्षार विरघळवणाऱ्या फिक्सरमध्ये, टाकायचा : जितक्या वेळात तो आरपार स्वच्छ होईल, त्याच्या दुप्पट वेळ रोल हायपोत ठेवायचा. यासाठी अंधार लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि कोणाच्या लग्नाचे फोटो पणाला लागत नाहीत. तुम्ही स्वागतयात्रा पणाला लावलीत, तेथे तुमचे चुकले. बाकीचे दोष नंतर शोधता येतील.

आणखी एक. एप्रिलमध्ये ठाण्यात २० अंशांचा हट्ट कशासाठी? गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारे पाणी अंगाला पोळते. डेव्हलपर २० वर आणि नंतर खळबळण्याचे पाणी ३२ वर, असा धक्का फिल्मला बसला, तर तिच्यावरच्या जिलेटिनच्या थराला सुरकुत्या पडतात. २४ अंशांवर काम करा आणि वेळ कमी करा : २० अंशांना जेथे १० मिनिटे, तेथे २४ अंशांना साधारण ७. त्याच हिशेबाने तुमच्या १५ मिनिटांची साडेदहा होतील. त्यापुढचे प्रत्येक पाणी एक-दोन अंशांच्या फरकात ठेवा. माठाचे पाणी घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो विदर्भात खरा ठरेल. आपल्या दमट हवेत माठ तेवढा गार होत नाही.

घोडबंदर, १२ एप्रिल

काका, तुकड्यांची युक्ती मला दोन वर्षांपूर्वी कळली असती, तर माझे चार रोल वाचले असते.

वाशीचा मास्तर, १३ एप्रिल

मी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे आणि फिल्मचा नाद मला उशिरा लागला. या चर्चेत चिकोरी, गोळ्या आणि तापमान यांवर बोलणे झाले. सोड्याबद्दल मात्र कोणी विचारले नाही. माझा संशय तेथेच आहे. ‘सुटा’ म्हणजे तो भुकटी होता की पारदर्शक खडे होते?

तलावपाळी, १३ एप्रिल

खडे होते, सर. खडीसाखरेसारखे, काहींवर पांढरी पूड धरलेली. तेच वाटून घेतले.

वाशीचा मास्तर, १३ एप्रिल

मग उत्तर मिळाल्यासारखेच आहे. ‘धुण्याचा सोडा’ या एकाच नावाखाली बाजारात दोन निराळ्या वस्तू मिळतात. कोरडी भुकटी हे जवळजवळ निव्वळ सोडियम कार्बोनेट असते. पारदर्शक खड्यांत मात्र सोडियम कार्बोनेटच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दहा रेणू बांधलेले असतात. कोरड्या सोड्याचा रेणुभार १०६, आणि त्या दहा पाण्यांसह तो होतो २८६. म्हणजे १०० ग्रॅम ताज्या खड्यांत सोडा असतो ३७ ग्रॅम आणि ६३ ग्रॅम पाणी, जे हाताला ओले लागत नाही आणि काट्याला मात्र दिसते. कृतीतले ५४ ग्रॅम हे कोरड्या सोड्याचे आहेत. खडे घ्यायचे तर १४६ ग्रॅम लागतील. तुम्ही ५४ च्या हिशेबाने खडे घेतलेत, म्हणजे लिटरमागे २० ग्रॅमच सोडा गेला.

एवढ्याने निगेटिव्ह इतकी का बिघडावी, हेही पाहू. कॉफीतील फिल्म डेव्हलप करणारा पदार्थ कॅफिन नव्हे. ते काम कॅफेइक आम्ल आणि त्याच्या घराण्यातले क्लोरोजेनिक आम्ल करते. ही द्रव्ये काय किंवा क जीवनसत्त्व काय, प्रकाश लागलेल्या सिल्व्हर हॅलाइडच्या (फिल्मवरच्या चांदीच्या क्षाराच्या) कणांचे चांदीत रूपांतर करण्याइतकी प्रबळ फक्त अल्कलीत, म्हणजे सोड्यासारख्या आम्लविरोधी द्रव्यातच होतात. आता क जीवनसत्त्व स्वतः आम्ल आहे. १६ ग्रॅम क जीवनसत्त्व सुमारे साडेनऊ ग्रॅम सोड्याला बायकार्बोनेटमध्ये, म्हणजे सौम्य अशा खाण्याच्या सोड्यात, बदलून टाकते. ५४ मधून साडेनऊ गेले तर काही बिघडत नाही, पण २० मधून गेले तर निम्मी अल्कली तेथेच संपते आणि उरलेल्यावर कॉफीतली आम्ले हात मारतात. कमी सोड्याची, १६ ग्रॅमची, एक मान्य कृती आहे, पण तिच्यात टाकी न हलवता सुमारे ७० मिनिटे ठेवावी लागते. तुम्ही सोडा घेतला त्या कृतीइतका आणि वेळ दिला जलद कृतीचा.

कृपया माझ्या शब्दावर विसंबू नका आणि वजन करून पाहा. १०० ग्रॅम खडे स्टीलच्या कढईत मंद आचेवर तापवा. ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नका, कारण सोडा ते खातो. वजन उतरायचे थांबेपर्यंत तापवत राहा. शेवटी ३७ ग्रॅमच्या आसपास उरले, तर ते ताजे खडे होते. १०० चे १०० राहिले, तर कोरडा सोडा. आणि ६३ उरले, तर दुकानदाराने तुम्हाला खाण्याचा सोडा दिला होता, जो तापल्यावर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड सोडून धुण्याच्या सोड्यात बदलतो. व्हिनेगर टाकून फसफस पाहण्याच्या परीक्षेचा येथे उपयोग नाही, कारण फसफसतात दोन्ही सोडे.

खाडीकाठ, १३ एप्रिल

शेवटच्या वाक्यासाठी धन्यवाद, सर. सोडा ‘व्हिनेगरने तपासून’ घेतल्याचे मी स्वतः लोकांना अभिमानाने सांगत आले आहे.

तलावपाळी, १९ एप्रिल

रविवारची सकाळ कढईपाशी गेली. १०० ग्रॅम खडे तापायला लागताच ते सुकण्याऐवजी आधी विरघळले, जणू बर्फ वितळावा तसे स्वतःच्याच पाण्यात, मग ते पाणी रटरटून आटले आणि तळाला पांढरी पूड चिकटली. आईने ‘हे काय शिजतंय’ म्हणून दोनदा विचारले. वजन ४१ ग्रॅमवर येऊन थांबले, पुन्हा तापवल्यावरही तेवढेच राहिले. ३७ नव्हे, ४१ का, सर?

त्याच दुपारी काकांच्या पद्धतीने तुकड्यांची परीक्षा घेतली. चार वाट्या, चारांतही क जीवनसत्त्व गोळ्या मोजून, पाणी २४ अंश. चिकोरीची कॉफी आणि जुना सोडा या वाटीतला तुकडा साडेदहा मिनिटांनी तपकिरी-राखाडीच होता. निव्वळ कॉफी आणि जुना सोडा या वाटीतला किंचित गडद, पण तोही राखाडी. भाजलेला सोडा घातल्यावर निव्वळ कॉफीचा तुकडा चार मिनिटांत काळा झाला आणि चिकोरीच्या कॉफीचा साडेपाचांत. म्हणजे चिकोरी थोडी दोषी, सोडा पुष्कळ.

वाशीचा मास्तर, १९ एप्रिल

खड्यांवर धरलेली पांढरी पूड हेच ४१ चे कारण आहे. असे खडे उघड्यावर हळूहळू पाणी सोडतात, त्यामुळे तुमचे खडे दुकानातच थोडे सुकलेले होते. उलट कोरडा सोडा पावसाळी हवेत ओलावा ओढून घेतो. म्हणून आपल्या भागात सोडा नुसता मोजून भागत नाही, तो भाजून हवाबंद ठेवावा आणि मग मोजावा. चार वाट्यांचा प्रयोग उत्तम केलात, एका वेळी एकच गोष्ट बदललीत.

कॉफी निवडताना स्वस्त निवडा. रोबस्टा जातीच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल अरेबिकापेक्षा जास्त असते आणि स्वस्त इन्स्टंट कॉफीत बहुधा रोबस्टाच असते. जिभेला कडू लागणारी कॉफी फिल्मला मानवते.

लाल दिवा, २० एप्रिल

सोड्यातल्या पाण्याची गोष्ट आम्हाला उस्तादांनी एका वाक्यात सांगितली होती : ‘खडा असेल तर पावणेतीन पट.’ कारण आज कळले.

खाडीकाठ, २० एप्रिल

तलावपाळी, सोडा पूर्ण पडला की आता उलटी अडचण येईल. ४०० आयएसओच्या फिल्मवर या मिश्रणात सर्वत्र एक धुकट थर चढतो, कारण प्रकाश न लागलेले कणही थोडे थोडे काळे होऊ लागतात. त्यासाठी लिटरला १ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड घालतात. ते नसेल, तर लिटरला १० ग्रॅम साधे आयोडीनयुक्त मीठ घालून पाहा, म्हणजे तुमच्या टाकीला ३ ग्रॅम.

मी स्वतः अलीकडे कॉफी सोडली आहे, कारण तिचा वास. सोड्यात मिसळलेली कॉफी ओल्या गोणपाटासारखी घाण मारते आणि आमच्या दोन खोल्यांच्या घरात तो वास रात्रीपर्यंत हटत नाही. सध्या मी पॅरासिटामॉलपासून केलेला डेव्हलपर वापरते. १८९१ साली आग्फा या जर्मन कंपनीने बाजारात आणलेल्या रोडिनाल या डेव्हलपरमध्ये पॅरा-ॲमिनोफेनॉल असते, आणि पॅरासिटामॉल कॉस्टिक सोड्यात मुरवले की तुटून तेच तयार होते. ५०० मिलिग्रॅमच्या साध्या ३० गोळ्या, सोडियम सल्फाईट ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा २० ग्रॅम, पाणी घालून एकूण २५० मिली, आणि तीन दिवस मुरू द्यायचे. गोळ्यांतला पांढरा गाळ तळाला बसतो, तो बसू द्यावा. वापरताना एका भागाला ५० भाग पाणी, म्हणजे एका रोलला ६ मिली. गोळ्या निव्वळ पॅरासिटामॉलच्या हव्यात, सर्दीच्या किंवा अंगदुखीच्या मिश्र गोळ्या चालणार नाहीत.

वाशीचा मास्तर, २० एप्रिल

कृती बरोबर आहे, पण वाचणाऱ्याने ती कॉफीइतकी निरुपद्रवी समजू नये. कॉस्टिक सोडा विरघळताना पाणी उकळीपर्यंत तापू शकते. म्हणून सोडा गार पाण्यात चिमटीचिमटीने टाकायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचे नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच, ॲल्युमिनियम तर येथे अजिबात नको. तयार झालेले द्रव्य विषारी आहे, त्यामुळे ते सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरू नका आणि जाड अक्षरांत चिठ्ठी लावा. घरात लहान मूल असेल, तर कॉफीवरच राहा, वास सोसा.

दुकानात गेल्यावर नावाकडेही नीट लक्ष द्या. सोडियम सल्फाईट, सल्फेट आणि सल्फाइड ही तीन भावंडे एकाच फळीवर असतात. सल्फाईट डेव्हलपरला हवेपासून वाचवते. सल्फेट तसे काही करत नाही, मात्र उष्ण प्रदेशात जिलेटिन फार फुगू नये म्हणून ते डेव्हलपरमध्ये घालण्याची रीत होती. सल्फाइडला कुजलेल्या अंड्यांचा वास येतो आणि त्याने फिल्म नासते. माझ्या एका विद्यार्थ्याने हा अनुभव घेतला आहे.

घोडबंदर, २२ एप्रिल

देशी द्रव्यांवर मी थोडी खटपट केली आहे, ती येथे नोंदवतो. छायाचित्रणाचे एक आद्य जनक टॅल्बट यांनी १८४० साली कागदावरची अदृश्य प्रतिमा वर आणली ती गॅलिक आम्लाने. आपल्याकडे हिरडा आणि आवळा यांत टॅनिन भरपूर, आणि टॅनिन म्हणजे गॅलिक आम्लाचेच गोतावळे, म्हणून हिरड्याचे चूर्ण उकळून, गाळून, त्यात भाजलेला सोडा घालून पाहिला. तुकडा काळा व्हायला अर्धा तास लागला. रोलवर प्रतिमा आली, पण सगळी फिल्म हळदीच्या डागासारखी पिवळट झाली. आवळा पावडरीने काम त्याहून बरे होते, पण गाळ इतका, की फिल्मवर पावडरीचे कण चिकटून वाळले. कडक चहानेही प्रतिमा येते, हळू आणि पिवळी. कॉफीला हरवेल असे मला अजून काही मिळालेले नाही, आणि त्रिफळा तर मी वाटीतच सोडून दिला.

ज्यांना टाकीच नको आहे, त्यांच्यासाठी एक वेगळी वाट : वैद्यकीय एक्स-रे फिल्म. मी ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याच्या सूचीछिद्र कॅमेऱ्यात वापरतो. आपली नेहमीची कृष्णधवल फिल्म सर्व रंगांना जागी असते, म्हणून तिला लाल दिवाही चालत नाही. एक्स-रे फिल्म मात्र लाल प्रकाशाला आंधळी असते, त्यामुळे थाळीत डोळ्यांसमोर प्रतिमा चढताना दिसते. गणपतीच्या सजावटीतला लाल एलईडी बल्ब चालतो की नाही, हे पाहण्यासाठी फिल्मच्या तुकड्यावर नाणे ठेवून दहा मिनिटे त्या दिव्याखाली ठेवा आणि मग डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला, तर बल्ब नापास. माझे पहिले दोन बल्ब नापास झाले होते. फिल्मच्या दोन्ही बाजूंना इमल्शन (प्रतिमा धरणारा थर) असते, म्हणून थाळीच्या तळाला काच ठेवा, नाहीतर खालची बाजू ओरखड्यांनी भरते.

तलावपाळी, २ मे

पुढचा रोल धुण्याआधी फिक्सरबद्दल विचारायचे आहे. माझा विकतचा संपत आला आहे. मत्स्यालयाच्या दुकानात क्लोरीन घालवण्यासाठी जे खडे मिळतात, ते हायपोच का? आणि मिठाच्या पाण्यात फिल्म फिक्स होते, हे खरे का?

वाशीचा मास्तर, २ मे

पाकिटावर सोडियम थायोसल्फेट लिहिले असेल, तर ते हायपोच. चांदीचे क्षार यात विरघळतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदवले होते आणि छायाचित्रणाला त्याचा उपयोग वीस वर्षांनी झाला. एक लिटरला २५० ग्रॅम खडे घ्या. विरघळताना हे खडे पाणी गार करतात, हात लावून पाहा, म्हणून कोमट पाणी घेऊन सुरुवात करा. मत्स्यालयाचे तयार द्रावण मात्र फार पातळ असते, ते घेऊ नका.

मिठाने टॅल्बट आपली चित्रे तात्पुरती टिकवत असत. आधुनिक फिल्म मिठाच्या दाट पाण्यात दिवसभर ठेवूनही माझ्याकडे दुधाळच राहिली. हायपो मिळत असताना मीठ भाजीत घालावे.

लाल दिवा, २ मे

हायपोत तुरटी घालायची जुनी रीत होती, उन्हाळ्यात जिलेटिन कडक व्हावे म्हणून. आजच्या फिल्म कारखान्यातूनच कडक होऊन येतात, तिची गरज उरलेली नाही. घालायचीच असेल, तर आधी सल्फाईट, मग व्हिनेगर, शेवटी तुरटी. क्रम चुकला की द्रावण ताकासारखे होते.

वापरलेला हायपो गटारात ओतू नका, त्यात चांदी असते. आमच्याकडे तो विकत घ्यायला माणूस येत असे. घरी करायचे, तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी साधी पोलादी लोकर बरणीत टाकून ठेवा. लोखंड विरघळते आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपात खाली बसते. भांडी घासायची चकचकीत घासणी चालत नाही, ती गंजत नाही म्हणूनच.

खाडीकाठ, ३ मे

धुण्याच्या पाण्याचेही सांगून ठेवते, कारण आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस पाणी कमी दाबाने येते. नळाखाली अर्धा तास टाकी ठेवण्याची गरज नाही. टाकी भरा, पाच वेळा उलटी करा, पाणी ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. तिसऱ्यांदा भरून वीस वेळा. तीन टाक्या पाण्यात फिल्म स्वच्छ होते. शेवटचे बुचकळणे इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात, भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून करा, म्हणजे वाळल्यावर थेंबांचे डाग राहत नाहीत. वाळत घालायला बाथरूमच सर्वांत बरे : आधी गरम पाणी सोडून वाफ होऊ द्या, ती खाली बसताना हवेतली धूळ घेऊन बसते.

तलावपाळी, १० मे

दुसरा रोल काल रात्री धुतला. तलावपाळीवर पहाटे फिरायला येणारी माणसे, नावाडी आणि चणेवाले असे ३६ फोटो होते. एकही प्रसंग पुन्हा न मिळणारा नव्हता, हे काकांच्या बोलण्यानंतर मुद्दाम पाहिले.

चेंजिंग बॅगमध्ये (अंधारात फिल्म भरण्याच्या काळ्या पिशवीत) हात घामाने इतके ओले झाले, की फिल्म प्लॅस्टिकच्या रिळात अर्ध्यावर अडकली. मग दिवे घालवून, बाथरूमच्या खिडकीला काळा पुठ्ठा आणि दाराच्या फटीला चादर लावून, कोरड्या रिळावर पुन्हा भरली. सोडा भाजलेला, १६.२ ग्रॅम. क जीवनसत्त्व भुकटीच्या रूपात, ४.८. निव्वळ कॉफी, १२. मीठ, ३. पाणी २४ अंश, साडेदहा मिनिटे. रोल आत घालण्यापूर्वी तुकडा टाकला, तो चार मिनिटांत काळा झाला. हायपो ताजा होता, त्यातला तुकडा अडीच मिनिटांत स्वच्छ झाला, म्हणून रोल पाच मिनिटे ठेवला.

निगेटिव्ह अशी आली आहे, की वर्तमानपत्रावर ठेवल्यावर आकाशाच्या भागातून मजकूर दिसत नाही. कडेचे आकडे ठसठशीत आहेत. तळावर तपकिरी छटा आहे, पण धुकटपणा नावापुरता. स्वागतयात्रेच्या जुन्या रोलमधून स्कॅनरने ओढूनताणून सात-आठ फोटो निघाले, त्यांत लेझीमवाल्यांचा एक आहे.

एक दोष उरला आहे. प्रत्येक फ्रेमच्या वरच्या कडेला बारीक गोल फिकट ठिपक्यांची ओळ आहे, आणि ती फक्त एकाच बाजूला आहे.

लाल दिवा, १० मे

वरची बाजू म्हणजे टाकीत वर असलेली कड. तो कॉफीचा फेस आहे. द्रावण ढवळल्यावर फेस बसेपर्यंत पाच मिनिटे थांबा, ३०० ऐवजी ३५० मिली घ्या म्हणजे फिल्म फेसाच्या खाली राहील, आणि ओतल्याबरोबर टाकी ओट्यावर दोन-तीनदा ठोका. त्या जास्तीच्या ५० मिलीसाठी सोडा १८.९ ग्रॅम होईल, बाकीचेही तसेच वाढवा.